चिंचेचं रिकामं बोंड

कारंज्यात हबीब मिस्त्रीचं दुकान विचारलं की लोक आधी त्याचा नियम सांगतात, मग पत्ता. तडकलेला माल या दुकानाचा उंबरा ओलांडत नाही. पलंगाचा पाय असो की पोळपाट, केसाएवढी भेग दिसली की हबीब तो बाजूला टाकतो आणि हिवाळ्यात त्यावर घरचं पाणी तापतं. नियम वडिलांचा, हबीबनं तो दीन-इमानासारखा सांभाळला. पुढे दुकान, त्याची दोन्ही कवाडं उघडली तर बैलगाडी आत यावी एवढी. मागे दोन खोल्या, त्यांच्या मधून तेवढीच रुंद वाट, मग आंगण, आणि आंगणातून बोळात उघडणारं अडीच फुटी दार. त्या दाराची सागाची चौकट हबीबनं लग्नाआधी स्वतःच्या हातानं बसवली होती. बत्तीस वर्षं झाली, जागची हललेली नाही.

आता सांगायचं आहे ते त्या आंगणातल्या बाईबद्दल. तिचं नाव लतीफा.

लतीफा कामरगावची. बाप अजहर मिस्त्री गावचा सुतार, सडकेकडेच्या मोठ्या चिंचेखाली बसून वखर-तिफणी भरायचा. काम नसलं की दाराच्या फळ्यांवर नक्षी कोरायचा. पान कोरी, वेल कोरी, फळ कोरी. पण चोच नाही की डोळा नाही. "ज्याच्यात आपल्याले जान भरता येत नाई, त्याले डोळे कायले द्यायचे?" म्हणे. पोरीचं काम फळी दोन्ही पायांनी दाबून धरायचं. बाप मोगरी मारी, आणि लाकूड कुठं ऐकतं, कुठं रुसतं ते लतीफाला तळपायातून कळे. पटाशी हातात कुणी दिली नाही. इल्म मात्र खालून वर चढत गेला.

कापसाच्या दिवसांत ती वेचायला जाई. संगती गंगू, बौद्धवाड्यातल्या भिवाजीची पोरगी. दोघींच्या कमरेला कापसाच्या ओट्या बांधलेल्या, दोघींच्या ओळी शेजारी. ज्यानं कापूस वेचला त्यालाच बोंड माहीत. लांबून पांढरं, मऊ, फुलासारखं दिसतं. हात घातला की त्याच्या वाळल्या पाकळ्यांची टोकं नखाच्या मुळाशी घुसतात. संध्याकाळी मिठाची चटणी खाताना बोटं चरचरत. मग दोघी चिंचेखाली बसून एकमेकींची बोटं पाहत आणि हसत.

लग्न होऊन कारंज्याला आली तेव्हा पेटीच्या तळाशी बापाची एक गोल पटाशी घेऊन आली. इथं तिच्या वाट्याला काचकागद घासणं आणि पॉलिशचा हात देणं आलं. तीस वर्षं दुकानातला निम्मा माल तिच्या तळव्याखालून गेला. गिऱ्हाइकाला ते कुणी सांगितलं नाही, आणि तिलाही सांगावंसं वाटलं नाही.

तीन उन्हाळ्यांमागं एका सकाळी गंगूचा फोन आला.

"लतीफाबी, आपला चिंचेचा बुढा पाडून राह्यले व!"

"कोन?"

"सडकवाले. सडक रुंद करतेत म्हने. अर्धा गेला बी. तू बस घरी भाकरी थापत."

लतीफानं तवा उतरवला आणि जीपनं कामरगाव गाठलं. चिंच आडवी पडलेली. चांगले सरळ ओंडके खाटकांनी नेले होते, कारण मटण तोडायच्या ठोकळ्याला चिंचेइतकं सोसणारं लाकूड नाही. सुतार मात्र तिच्या वाटेला जात नाही. चिवट, गाठाळ, हत्याराची धार खाणारं. मागं राहिले होते दोन तुकडे. एक बुंध्याचा, पोटाशी फुगलेला, गाठीगाठीचा. दुसरा दुबेळका, दोन फांद्या फुटतात तिथला, त्याहून मोठा. ठेकेदार म्हणाला, न्या, जळाऊ आहे. दुबेळका गंगूच्या आंगणात ढकलला. फुगलेला बुंधा भाड्यानं गाड्या चालवणाऱ्या रतनसिंगच्या ट्रॅक्टरवर चढला आणि दुपारी हबीबच्या दुकानातून आत आंगणात गेला.

"हे काय आनलं?" हबीबनं विचारलं.

"लाकूड."

"हे लाकूड नोहे. खाटकाचा ठोकळा हाय."

"तुमच्या दुकानाले नाई आनलं. माह्यासाठी आनलं."

हबीबला वाटलं बापाच्या झाडाची आठवण असेल, पडून राहील. पडून राहिलं खरं, वर्षभर. लतीफानं दोन्ही तोंडांना शेण-माती फासली, वर पोतं टाकलं, आणि दर जुम्म्याला ते कुशीवरून वळवत राहिली. शेजारणी म्हणायच्या, बाळंतिणीला इतकं कुणी वळवत नाही.

मग एक दिवस जोहरची नमाज पढून ती आंगणात आली, बिस्मिल्ला म्हणाली आणि बापाची पटाशी लाकडाला लावली. त्या दिवसापासून जोहर ते असर, म्हणजे भर दुपार ते दिवस कलेपर्यंतचा वेळ तिचा. त्याआधी स्वयंपाक, त्यानंतर स्वयंपाक, मधे बुंधा. चिंच वरून फिकट पिवळी आणि आत काळी-जांभळी. जसजशी पटाशी आत गेली तसा तो काळोख वर येऊ लागला.

मुलगा शादाब अठ्ठावीस वर्षांचा, दुकानात बापाच्या हाताखाली. तो एकदा डोकावून म्हणाला, "अम्मी, हे हांडं हाय का?"

"तुह्या डोक्याएवढं रिकामं हाय, पन हांडं नोहे."

चार महिन्यांनी ओळखू येऊ लागलं. छातीएवढ्या उंचीचं बोंड. चार पाकळ्या उकललेल्या, मधे चार खोल कप्पे. कापूस नाही. वेचून झालेलं, वावरात उरतं तसं बोंड. कापूस सगळ्यांनीच पाहिला आहे, कापूस गेल्यावर काय उरतं ते वेचणाऱ्या बाया पाहतात, आणि लतीफाला तेच करायचं होतं.

वैशाखात एका दुपारी आंगणातून 'ताड्‌' असा आवाज आला. दुकानात हबीबच्या हातातला रंधा थांबला. सुताराला तो आवाज सांगावा लागत नाही. तो आत आला. दोन पाकळ्यांच्या मधून पार बुडापर्यंत तडा गेला होता, बोट जाईल एवढा.

"गेलं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, वाईटच वाटलं होतं त्याला. "वर्षाची मेहनत गेली तुही."

लतीफानं तड्यात बोट घातलं. वरून खाली नेलं. बोंड उकलतं ते अगदी असंच, एका बाजूनं आधी.

"गेलं नाई. आत्ता उकललं."

"तडा तो तडा, लतीफा."

"तुमच्या पलंगाले. याले नाई."

पुढच्या आठवड्यात गंगू कारंज्याला औषध घ्यायला आली ती आंगणात येऊन बसली. डोळ्यांना कमी दिसतं तिला आता. तिनं दोन्ही हातांनी बोंड चाचपलं, कप्प्यांत हात घातला, तड्यावरून फिरवला, मान डोलावली. मग पाकळीच्या टोकाशी अडली.

"हे टोचत नाई व."

"मंग?"

"मंग हे बोंड कायचं? तीस वर्सं कारंज्यात राहून विसरली वाटते. गादीवर झोपून झोपून बोटं मऊ झाले बाईचे."

लतीफाला राग आला तो गंगूचा नाही, स्वतःचा. तिनं महिनाभर ती चार टोकं तासली, आत वळवली, सुईवर आणली. गंगू पुन्हा आली, बोट टेकवलं आणि "आई व!" करून झटकन काढलं. बोटावर रक्ताचा ठिपका. गंगू खदखदा हसली. "हां! आता ओळख पटली."

इथपर्यंत हे आंगणातलं आंगणात होतं. मग वेचणीच्या दिवसांत बबनराव आले.

बबनरावांची कापसातली सरकी काढायची जिनिंग आहे, नवं ऑफिस बांधलंय, त्याच्या दारांचं काम हबीबकडे. मापं द्यायला आले ते पाणी प्यायला आत आले आणि बोंडापुढं उभे राहिले. "हबीबभाई, हे कोनं केलं?"

"घरातून," हबीब म्हणाला.

"मले पायजे. हाफिसात मधोमध ठेवतो. आठ दिवसांत पाठवा."

हबीबनं 'हो' म्हणून टाकलं. इतकी वर्षं बबनरावांसारखा माणूस दारापुरता येई. आज आंगणात येऊन मागत होता, त्यालाही छाती फुगल्यासारखं झालं. संध्याकाळी त्यानं लतीफाला सांगितलं. ती पिठाचा हात धुवत होती.

"न्याचं असन त न्या. पन हाय तसं. याले पटाशी नाई लावायची, कागद नाई लावायचा. कोनीच."

"बरं बरं."

"बरं बरं नाई. कबूल म्हना."

"कबूल."

दुसऱ्या दिवशी ती कामरगावला गेली. गंगूच्या नातीचं साक्षगंध होतं. दोन दिवस राहिली, शिरा ढवळला, पाहुण्यांची थट्टा केली. तिसऱ्या दिवशी परत आली तर आंगणात बोंड चकाकत होतं.

शादाबनं भुसा आणि सरसाची लांबी, म्हणजे लुकण, करून तडा बुजवला होता; इतका बेमालूम की नखाला लागू नये. चारही टोकं घासून गोल केली होती. वर पॉलिशचे दोन हात. तो कौतुकाची वाट पाहत उभा होता.

"अम्मी, पाह्य! तोंड दिसते त्याच्यात."

वाईट मनानं त्यानं काही केलं नव्हतं. तडा दिसला की भरायचा, धारदार कोर दिसली की घासून मारायची, हे सुताराच्या हाताला झोपेतही कळतं. गिऱ्हाइकाचं पोर पलंगावरून पडलं तर लागू नये म्हणून जी कोर मारतात तीच त्यानं बोंडाला मारली. सरळ मनानं केलेल्या कामानं जेवढं जिव्हारी लागावं तेवढं लागलं.

"तुमी कबूल म्हनलं होतं," ती हबीबला म्हणाली.

"मीच सांगतलं त्याले. तडा घेऊन माल माह्या दुकानातून कसा जाईन? उद्या जिनात आलेला मानूस म्हनन, हबीब मिस्त्रीचं लाकूड फाटलं. नाव कोनाचं जाईन?"

"नाव तुमचं कधी होतं त्याच्यावर?"

शादाब म्हणाला, "अम्मी, टोकं लागतीन ना कोनाले."

"लागतीन. लागाले पायजे. तू कधी वेचाले गेला का? नाई ना? मंग तुले कोनी विचारलं?"

तिनं भात टाकला, वरणाला फोडणी दिली, असरची नमाज पढली. मग घरातून आंगणात येणाऱ्या दाराला आतून कडी लावली आणि पटाशी घेतली.

तीन दिवस जेवण वेळेवर मिळालं, बोलणं मिळालं नाही. आतून ठक-ठक येत राहिली. पॉलिश खरवडायला एक दिवस गेला. तडा उकरायला दुसरा. वाळलेली लांबी दगडासारखी झाली होती, आणि ती काढताना मूळच्या भेगेची कड मोडू नये म्हणून तिनं श्वास धरून काम केलं. तिसऱ्या दिवशी टोकं. गोल झालेलं टोक पुन्हा काढायचं म्हणजे पूर्ण पाकळी खाली न्यावी लागते. बोंड दोन बोटं बुटकं झालं, पण पहिल्यापेक्षा हट्टी दिसू लागलं. तिच्या उजव्या तळव्याला फोड आला, फुटला, तिनं हळद भरली आणि चिंधी बांधली. शादाब खिडकीतून एकदा म्हणाला, "अम्मी, मी धरू का खालून?" ती म्हणाली, "धरशील त पायानं धर. हात दुकानात ठेव." तो आला, आणि दोन्ही पायांनी बुंधा दाबून मुकाट बसला.

जुम्म्याच्या नमाजनंतर बबनराव न्यायला आले. संगती रतनसिंग गाडी घेऊन. बोंड पाहून थबकले.

"हे कोनतं? शादाबनं फोटो धाडला थो त चकचकीत होता."

"थो शादाबचा होता," लतीफा म्हणाली. डोक्यावरचा पदर तिनं नीट केला आणि बोंडाजवळ उभी राहिली. "हे माह्यं हाय."

"भाबी, हे त फाटलेलं दिसते." बबनरावांनी पाकळीवर हात ठेवला आणि झटकन काढला. "अरे बापा! टोचते बी. अन् याच्यात कापूस कुठी हाय?"

"थो तुमच्या जिनात गेला, भाऊ."

रतनसिंगला हसू फुटलं. त्यानं ते खोकल्यात घातलं. बबनरावांच्या कपाळाला आठी आली, तरी ते समजुतीनंच बोलले. "पाहा भाबी, चार लोक येतीन हाफिसात. पांढरंशुभ्र दिसाले पायजे. भेग बुजवा, टोकं मारा, आत खरा कापूस चिटकवा. तुमचं नाव लावतो खाली, पितळी पट्टीवर. मंग त झालं?"

हे मात्र तिनं हिशेबात धरलं नव्हतं. नाव. तिचं नाव, पितळेवर, जिनात मधोमध. क्षणभर तिनं चिंधी बांधलेल्या तळव्याकडे पाहिलं.

"गोल बोंडाखाली माह्यं नाव नको," ती म्हणाली. "ज्याले वेचाले जावं लागलं नाई त्याचं लावा."

"हबीबभाई, समजावा हो घरात."

सगळे हबीबकडे पाहू लागले. हबीबनं कानामागची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली.

"थे तिचं हाय, बबनराव," तो शेवटी म्हणाला. "मी एकदा मधी पडलो, चुकलो. पन एक सांगतो. थे तडकलं हाय, अन् तडकलेलं माह्या दुकानातून जात नाई. तुमाले बी नाई, कोनाले बी नाई."

बबनराव निघाले. जाता जाता शादाबला म्हणाले, तूच मशीनवर एक कापून आण, पांढरा रंग मारून. त्यानं ते नंतर केलंही. जिनात आहे ते, छान आहे, येणारे-जाणारे हात फिरवतात आणि काही होत नाही.

लतीफानं त्याच दुपारी गंगूला फोन लावला. "गंगे, जीप घेऊन ये. बोंड तुह्या गावाले येते."

"कुठी ठेवशील व?"

"चिंचेपाशी."

"चिंच कुठी हाय आता, बाई?"

"खोड त हाय ना जमिनीत? सडकेच्या अलीकडं?"

"हाय. पन ऊन-पानी लागन. अजून तडकन थे."

"तडको. चिंचेचंच हाय. चिंचेपाशी तडको."

रविवारी सकाळी जीप मागच्या बोळात आली. गंगू, तिचा मुलगा संघदीप आणि वेचणीच्या चार बाया, सकाळीच ओट्या सोडून आलेल्या. सगळ्यांनी मिळून बोंड दारापर्यंत सरकवलं. तिथं अडलं. अडीच फुटी दार, आणि उकललेल्या पाकळ्या चार बोटं जास्त. आडवं करून पाहिलं, तिरपं करून पाहिलं. नाहीच.

संघदीपनं डोकं खाजवलं. "मावशी, रागावू नको, पन दोन टोकं जराक तासली त..."

गंगू म्हणाली, "पोट्ट्या, तू गप बस. तुह्या मायनं या टोकासाठी रक्त देल्लं."

दुकानाची दोन्ही कवाडं सताड उघडी होती. आंगणातून सरळ दिसत होती. सगळ्यांनी तिकडं पाहिलं, मग लतीफाकडं. तिनं मात्र त्या दिशेला एकदाही नजर वळवली नाही. हबीब गल्ल्यापाशी बसलेला. त्यानंही 'इकडून न्या' म्हटलं नाही. दोघं नवरा-बायको आपापल्या जागी, मधे बोंड.

"टोकं नाई तासायची," लतीफा म्हणाली. "चौकट काढा."

"चौकट?" संघदीप म्हणाला. "मावशी, भिंत फुटन."

"फुटो. पहार दे."

ती खरंच पहार घ्यायला वाकली, तेवढ्यात दुकानातून चपलांचा आवाज आला. हबीब आला. हातात पहार, करवत, खिळेकाढणं. त्यानं कुणाकडं पाहिलं नाही.

"बाजूले व्हा. चौकट मी बसवली, मीच काढीन. तुमी लोक तोडसान."

त्यानं तोडली नाही. बत्तीस वर्षांचे खिळे एकेक करून काढले, गिलाव्याची रेघ आधी छिन्नीनं मोकळी केली, आणि चौकट अख्खीच्या अख्खी भिंतीतून बाहेर घेऊन बोळात उभी केली. कपाळावरचा घाम पुसला. दुकानाचा नियम जागेवर होता आणि मागच्या भिंतीला भगदाड पडलं होतं.

बोंड निघालं. बाया दोन्हीकडून लागल्या. भगदाडातून जाताना एक पाकळी विटेला घासणार, तेवढ्यात हबीबच ओरडला, "अरे टोकं सांभाळा रे, टोकं!" आणि आपलं खांद्यावरचं उपरणं काढून त्यानं विटेवर धरलं.

कामरगावला खोडावर बोंड बसवायला फार वेळ लागला नाही. सडकेवरून जाणाऱ्या वेचणीच्या बाया थांबल्या. एकीनं कप्प्यात हात घातला, दुसरीनं टोकाला बोट लावलं, झटकलं, आणि शेजारणीला म्हणाली, "तू बी लावून पाह्य." लतीफा बाजूला उभी होती. तिला कुणी विचारलं नाही हे कुणी केलं, आणि तिनंही सांगितलं नाही. गंगूनं मात्र सगळ्यांना सांगितलं, न विचारता, मोठ्यानं.

दिवस मावळता, मगरिबच्या नमाजआधी ती घरी आली तर भगदाडावर चादर टांगलेली. हबीब बोळात चौकटीपाशी उकिडवा बसून जुनी भोकं बुजवत होता. उद्या परत बसवायची म्हणाला. लतीफानं चहा ठेवला, कप त्याच्या हातात दिला आणि चौकटीकडं पाहत उभी राहिली.

"बसवताना जराक रुंद बसवा."

"काहून?"

"गंगूच्या आंगनात थो दुबेळका पडला हाय. थो याच्याहून मोठा हाय."

हबीबनं चहाचा घोट घेतला. चौकटीकडं पाहिलं, भिंतीतल्या भगदाडाकडं पाहिलं, बायकोच्या चिंधी बांधलेल्या हाताकडं पाहिलं. मग कप खाली ठेवून त्यानं खिशातला टेप काढला.

"किती मोठा हाय?" तो म्हणाला. "माप सांग."